घरच्या घरी सिमेंटच्या कुंड्या : कुंडी टिकावी, रोपही जगावे

(दिघोरी, जि. भंडारा येथे शेतकरी आणि बचत गटातील महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी कृषिविद्येचा अध्यापक. दिघोरीला आलो की धानाचे वाण, रोवणी, युरियाची मात्रा हेच विषय निघतात. आजचा विषय मात्र इथल्या भगिनींनी दिला आहे. मागच्या वेळी आलो असता गटातील एका ताईंनी विचारले, "सर, आम्ही सिमेंटच्या कुंड्या केल्या. कुंडी चांगली झाली, पण रोप काही जगत नाही. ज्यांना विकल्या त्याही परत येऊन सांगतात की झाड मेले. आता हे काम करावे की सोडून द्यावे?"

प्रश्न छोटा नाही. त्यात गटाचा पैसा गुंतला आहे आणि त्याहून मोठी म्हणजे गावातली पत गुंतली आहे. मी त्या दिवशी लगेच उत्तर देऊ शकलो, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी घरी सहा कुंड्या केल्या. ऊन कडक आहे, लवकर वाळतील, म्हणून अंगणात उन्हात ठेवल्या. दोन कुंड्यांना चौथ्या दिवशी काठापासून बुडापर्यंत तडा गेला. उरलेल्या चार कुंड्यांत आठवड्याने माती भरली आणि आईने गोडनिंब व मिरचीची रोपे लावली. पंधरा दिवसांत कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी नत्राची कमतरता समजून चिमूटभर युरिया दिला. रोपे आणखी खंगली आणि शेवटी मेली.

कारण सापडले ते आईमुळे. एक रिकामी झालेली कुंडी पाण्याने भरून ठेवली होती. हळद लागलेला हात आईने त्या पाण्यात बुडवला आणि हाताची हळद लाल झाली. आई म्हणाली, "अरे, या पाण्यात चुना आहे." हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. शेतीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला ते त्या कुंडीपुढे आठवले नव्हते.

या एका प्रसंगात आजच्या व्याख्यानाचे दोन मुख्य मुद्दे आले. पहिला, सिमेंट वाळवायचे नसते, भिजवायचे असते. दुसरा, नव्या कुंडीतला चुना काढल्याशिवाय तीत रोप लावायचे नसते.

एका माळ्याची कुंडी

सिमेंटची कुंडी ही साधी गोष्ट समजू नका. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. झाडांसाठी लाकडी पिंपे वापरली तर ती कुजत आणि मातीच्या कुंड्या फुटत. म्हणून त्याने लोखंडी तारांची जाळी घालून सिमेंटच्या कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे हीच युक्ती नळ, टाक्या आणि पुलांसाठी वापरली गेली. आज आपल्या घराचा स्लॅब ज्या लोखंड-सिमेंटच्या जोडीवर उभा आहे, तिच्या इतिहासात माळ्याच्या कुंडीला मानाचे स्थान आहे.

या जोडीचे तत्त्व सोपे आहे. सिमेंट दाब सहन करते, पण ताण सहन करत नाही. ताण लोखंड सहन करते. कुंडीतली ओली माती आणि वाढणारी मुळे भिंतीला बाहेर ढकलतात, म्हणजे ताण देतात. त्यासाठी आत जाळी हवी. एका वितीपेक्षा लहान कुंडी जाळीशिवाय चालते, त्यापेक्षा मोठ्या कुंडीत जाळी घालावीच.

साहित्याची निवड

सिमेंट : ताजे घ्यावे. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते पाहावे. पावसाळ्यात तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. ज्यात चिमटीने न फुटणारे खडे झाले असतील ते कुंडीसाठी वापरू नये. पोते जमिनीवर न ठेवता पाटीवर आणि भिंतीपासून दूर ठेवावे.

रेती : आपल्याकडे रेतीची उणीव नाही, पण ती परवान्याची, दुकानातून पावती घेऊन आणावी. नदीतून परस्पर उचलू नये. रेतीत माती किती आहे हे पाहण्यासाठी काचेची सरळ बाटली घ्यावी, तीत चार बोटे रेती टाकावी, वर मिठाचे पाणी भरून खूप हलवावी आणि तीन तास स्थिर ठेवावी. रेतीवर मातीचा वेगळा थर बसतो. दहा सेंटिमीटर रेतीवर हा थर आठ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर रेती धुऊन घ्यावी. त्यानंतर धान्याच्या चाळणीने गोटे आणि शिंपले काढून टाकावेत.

ओल्या रेतीबाबत एक सावधगिरी सांगतो. ओलसर रेती फुगते. डब्याने मोजली तर कोरड्या रेतीच्या तुलनेत ती पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी भरते. म्हणून शक्यतो कोरडी रेती मोजावी.

जाळी : कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी चालते. तिच्यावरचा गंज हाताने निघत असेल तर पुसून घ्यावा. तेल, ग्रीस लागलेली जाळी घेऊ नये, त्यावर मसाला धरत नाही.

पाणी : पिण्यायोग्य पाणी वापरावे. बोडीतले किंवा तलावातले शेवाळयुक्त पाणी वापरू नये.

किती साहित्य लागेल ?

वर ३० सेंटिमीटर, बुडाशी २२ सेंटिमीटर रुंद, २८ सेंटिमीटर उंच आणि अडीच सेंटिमीटर जाड भिंतीची कुंडी धरू. तिला सुमारे ३ किलो सिमेंट, ६ लिटर रेती आणि ३ चौरस फूट जाळी लागते. ५० किलोच्या एका पोत्यात, सांडलवंड धरून, १५ ते १६ कुंड्या होतात. रिकामी कुंडी सुमारे १३ किलो भरते आणि तीत ९ लिटर माती मावते. आपल्या गावचा सिमेंट, रेती व जाळीचा आजचा भाव यावर मांडून खर्च काढावा. दहातील एक कुंडी बिघडेल असे धरावे आणि आपली मजुरी धरायला विसरू नये. घरच्या बाईचे कष्ट फुकटचे समजून काढलेला नफा हा नफा नव्हे.

साचा

आपल्या गावी दोन पद्धती सोयीच्या आहेत.

(१) दोन बादल्यांची पद्धत : एक मोठी आणि तिच्या आत सर्व बाजूंनी अडीच सेंटिमीटर जागा राहील अशी एक लहान, निमुळती बादली घ्यावी. मोठीला आतून आणि लहानीला बाहेरून साबणाचे दाट पाणी किंवा खाण्याच्या तेलाचा पातळ हात द्यावा. गाडीचे जळके तेल लावू नये, कुंडीत आपण खाण्याची भाजी लावणार आहोत. बुडाशी बोटभर जाडीच्या बांबूच्या तीन कांड्या कागदात गुंडाळून उभ्या कराव्यात. तीच पाणी निघायची छिद्रे होतात. बुडात अडीच सेंटिमीटर मसाला दाबून भरावा, जाळीचे नळकांडे बसवावे, मग लहान बादली ठेवून तीत रेती भरावी, म्हणजे ती वर उचलली जात नाही. मधल्या फटीत थोडा थोडा मसाला टाकून काडीने ठासत जावे आणि बाहेरून बादलीला हलके ठोकावे, म्हणजे हवा निघून जाते. जाळी भिंतीच्या मधोमध राहील इकडे लक्ष द्यावे. ती बाहेर दिसली की गंजते आणि कुंडी फोडते.

दुसऱ्या दिवशी, थंडीत ३६ ते ४८ तासांनी, आधी आतली बादली हळूच फिरवून काढावी, कांड्या ओढून घ्याव्यात आणि मग बाहेरची बादली काढावी.

(२) तुसाच्या पोत्याची पद्धत : मोठ्या कुंडीसाठी एवढी मोठी बादली मिळत नाही. थायलंड हा आपल्यासारखाच धान पिकवणारा देश. तिथे १९८० च्या दशकात पावसाचे पाणी साठवण्यासाठी खेड्यापाड्यांत सिमेंटचे रांजण मोठ्या संख्येने झाले. त्यांच्या एका पद्धतीत पोते शिवून त्यात धानाचे तूस भरत आणि त्यावर सिमेंट थापत. भंडारा जिल्ह्यात राईस मिल आहेत, तेव्हा तुसाची अडचण नाही.

आधी जमिनीवर प्लास्टिक अंथरून जाळीसह तीन सेंटिमीटर जाडीचे गोल बूड ओतावे. जाळीची टोके चहूकडे बाहेर मोकळी ठेवावीत आणि छिद्रे ठेवावीत. दुसऱ्या दिवशी बुडावर, काठापासून दोन बोटे आत, तूस ठासून भरलेले पोते उभे करावे आणि हाताने थोपटून आकार द्यावा. पोते ओले करून त्यावर खालून वर असा एक सेंटिमीटरचा थर थापावा. मग जाळी गुंडाळून बुडाच्या टोकांना तारेने बांधावी आणि वर दीड सेंटिमीटरचा दुसरा थर द्यावा. एक दिवसाने तूस उपसून पोते ओढून काढावे. आतून सिमेंटच्या पाण्याचा हात फिरवावा.

मसाला कालवणे

एक डबा सिमेंट आणि तीन डबे रेती हे प्रमाण ठेवावे. सिमेंट वाचवण्यासाठी सहा डबे रेती घातली तर कुंडी काठाला ढासळते. आधी कोरडेच तीन वेळा उलटेपालटे करून रंग एकसारखा झाला की पाणी घालावे. एक किलो सिमेंटला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पाणी देऊ नये. मुठीत लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी निथळता कामा नये. जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. कुंडीला पाझर फुटतो तो तिथूनच.

अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवावा. आवळत आलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये.

हातांची काळजी : रोवणीत तुमच्या पायांना चिखल्या होतात, हे दुखणे तुम्हाला नवे नाही. ओले सिमेंट त्याहून वाईट आहे. ते तीव्र अल्कधर्मी असल्याने कातडी भाजते आणि भाजल्याचे तेव्हा कळतही नाही. रबरी हातमोजे घालावेत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात, कोरडे सिमेंट ओतताना नाकाला पदर किंवा रुमाल बांधावा. हाताला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच दवाखान्यात जावे. लहान मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नये.

तराई

मसाला घट्ट होतो तो वाळल्यामुळे नाही. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून दगडासारखा पदार्थ तयार होतो. पाणी उडून गेले की ही क्रिया थांबते आणि कुंडी कच्ची राहते. वरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि तडा जातो. माझ्या दोन कुंड्या अशाच गेल्या.

म्हणून साच्यातून काढलेली कुंडी सावलीत ठेवावी, ओल्या बारदानाने किंवा तणसाने झाकावी आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावे. आजकाल बहुतेक दुकानांत राख मिसळलेले पोर्टलँड पोझोलाना सिमेंट मिळते. त्याची ताकद सावकाश वाढते. म्हणून निदान १४ दिवस तराई करावी. टाकीत बुडवून ठेवता आली तर सर्वांत उत्तम. धानाची कापणी-मळणी आटोपल्यानंतरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस या कामास चांगले. हवा थंड असते आणि हातही थोडे मोकळे असतात.

चुना काढणे

सिमेंट घट्ट होताना मोकळा चुना तयार होतो. ताज्या सिमेंटमधील पाण्याचा सामू १२ च्याही वर असतो. आपल्या बहुतेक भाजीपाल्याला ६ ते ७.५ सामूची माती मानवते. सामू वाढला की मातीतले लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते. जस्त कमी पडले की धानावर खैरा येतो, हे तुम्ही बांधीत पाहिले आहे. कुंडीतही तसेच होते, कोवळी पाने पिवळी पडतात. त्यात मी युरिया दिला. युरिया विरघळून बदलताना सामू आणखी वाढवतो आणि अमोनिया तयार होतो. आधीच खंगलेल्या मुळांना तो बाधला.

उपाय बिनखर्चाचा आहे. तराई संपल्यावर छिद्रांना बुचे लावून कुंडी काठोकाठ पाण्याने भरावी. दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून नवे भरावे आणि आतली बाजू काथ्याने घासावी. असे पाच-सहा वेळा करावे. शेवटच्या खेपेला शेणकाला भरून आठवडाभर ठेवला तर अधिक चांगले. ते पाणी भाजीच्या रोपांना घालू नये.

आता परीक्षा. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा आणि त्याच्या पट्ट्या कापाव्यात. कुंडीत स्वच्छ पाणी रात्रभर ठेवून सकाळी पट्टी बुडवावी. लाल झाली तर कुंडी तयार नाही, पुन्हा पाणी बदलावे. पिवळीच राहिली तर रोप लावावे. विकायची प्रत्येक कुंडी या परीक्षेतून गेली पाहिजे. गिऱ्हाइकासमोर पट्टी बुडवून दाखवा. तुमची पत परत मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.

माती आणि पहिले पीक

कन्हार माती कुंडीत चिकट होते आणि वाळली की भेगाळते. मोरांड किंवा सिहार माती घ्यावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग रेती असे मिश्रण करावे. तलावातला गाळ असल्यास मातीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नये. बुडाशी खापराचे तुकडे घालून छिद्रे मोकळी ठेवावीत. कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाते.

पहिले पीक पालकाचे घ्यावे. थोडा चुना राहिला असेल तरी पालकाला तो फारसा बाधत नाही. नंतर सांबार, मिरची, टोमॅटो घ्यावे. गोडनिंब दुसऱ्या हंगामात लावावा. कागदी लिंबाला ९ लिटरची कुंडी पुरत नाही, त्याला निदान ४० लिटरची हवी. ती पोत्याच्या पद्धतीने करावी.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : चुलीतली तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळून खर्च कमी करता येईल का ?

उत्तर : तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ठरावीक तापमानात जाळून बारीक दळलेली राख सिमेंटबरोबर वापरतात, हे खरे आहे. पण चुलीतल्या किंवा ढिगातल्या काळ्या राखेत कोळसा असतो, तापमानावर ताबा नसतो. ती मिसळल्याने कुंडी कमजोर होईल. मिसळू नये.

प्रश्न : आधीच लावलेली रोपे पिवळी पडली आहेत. काय करावे ?

उत्तर : रोप मातीसकट काढून दुसऱ्या जागी लावावे आणि कुंडी वर सांगितल्याप्रमाणे धुवावी. तात्पुरता उपाय म्हणून हिराकस ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून सायंकाळी पानांवर फवारावे. पण मूळ कारण काढल्याशिवाय फवारणीचा उपयोग टिकत नाही.

प्रश्न : मग मातीच्या कुंड्या घेऊच नयेत का ?

उत्तर : असे मी म्हणणार नाही. लहान रोपांना, तुळशीला कुंभाराची भाजलेली कुंडी चांगली. ती हवा खेळती ठेवते, तिच्यात चुन्याची भीती नाही आणि गावातल्या कारागिराला काम मिळते. एका वितीपर्यंतची कुंडी कुंभाराकडून घ्या, मोठी सिमेंटची करा. दोघांचेही चालेल.

प्रश्न : गटाने यासाठी कर्ज काढावे का ?

उत्तर : आताच नको. एका पोत्याच्या पंधरा कुंड्या करा. प्रत्येकीवर केल्याची तारीख कोरा. तराई आणि पाणी बदलल्याच्या तारखा वहीत लिहा. पाच कुंड्यांत तुम्हीच भाजी लावा आणि एक हंगाम पाहा. उरलेल्या विका. ज्यांची रोपे मेली त्यांना आधी एकेक नवी कुंडी बदलून द्या. वहीत नफा दिसला तर दुसरे पोते आणा. कर्जाचा विचार त्यानंतर करू.

त्या ताईंना मी हेच सांगितले की काम सोडू नका, थांबायला शिका. कुंडी दोन दिवसांत होते, पण ती रोप लावण्याजोगी व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढा धीर आपण धानाच्या पऱ्ह्यासाठी धरतोच. काही अडले तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि पट्टी लाल झाली की पिवळी, ते मला अवश्य कळवा.